फाईलमधल्या गाण्याची लय कशी मोजायची

भाच्याच्या मोबाईलवरच्या अ‍ॅपने गौळणीची लय सांगितली 184. पोरांनी तबल्याच्या अ‍ॅपमध्ये भजनी ठेका लावला, 184 आकडा घातला आणि तालीम सुरू केली. देवळाच्या मंडपात टाळ घेऊन बसलेले सत्तरीचे काका दुसऱ्याच आवर्तनाला (तालाच्या फेऱ्याला) थांबले. ‘‘हें भजन मरे, रोमट न्हय!’’ गोव्यातल्या शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सणाच्या, रोमटामेळात ढोल-ताशे ज्या झपाट्याने वाजतात, त्या झपाट्याने पोरे गौळण म्हणायला निघाली होती. खरी लय होती बरोबर निम्मी, 92. अ‍ॅपने मात्रा (तालाचे एकेक समान माप) मोजायच्या सोडून अर्ध्या मात्रा मोजल्या होत्या. अ‍ॅप मीच सुचवलेले, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली.

त्यानंतर भाच्याला बसवून जे शिकवले, तेच इथे लिहितो आहे. गोव्याच्या कला अकादमीच्या भजन स्पर्धेची तयारी करणारी मंडळे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नाच बसवणाऱ्या बाई, जुन्या नाट्यगीतावर पेटी वाजवून पाहणारे हौशी, सगळ्यांची अडचण एकच असते. गाणे फाईलमध्ये आहे आणि त्याच लयीत तबल्याचे अ‍ॅप किंवा मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारे यंत्र) लावायचा आहे.

आकडा म्हणजे काय

अ‍ॅपवर ‘बीपीएम’ लिहिलेले असते, म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके. 1815 मध्ये मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले तेव्हापासून पाश्चात्त्य संगीतात लय अशी आकड्यात लिहायची पद्धत रुळली. आपल्याकडे विलंबित (संथ), मध्य, द्रुत (जलद) एवढ्यावर भागत आले, कारण समोर बसलेला माणूस हाताने लय दाखवत असे. यंत्राला हात दिसत नाही, त्याला आकडा लागतो.

सगळा घोळ ‘ठोका कशाला म्हणायचे’ इथे आहे. तबल्याच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये आकडा मात्रांचा असतो. 92 म्हणजे मिनिटाला 92 मात्रा, एक मात्रा साधारण 0.65 सेकंदाची. पण लय शोधून देणारे अ‍ॅप मात्रा ओळखत नाही. त्याला ऐकू येतात ते फक्त आघात. एका मात्रेत दोन बोल वाजले तर ते दुप्पट सांगू शकते, दोन मात्रांत एकच ठळक घाव असेल तर निम्मे. म्हणून यंत्र उघडण्याआधी मात्रा कोणती हे तुम्ही ठरवायचे असते.

पहिले काम: हात

हेडफोन लावा, गाणे सुरू करा आणि मांडीवर टाळी द्या. पहिली अर्धी ओळ सोडून द्या, आलाप असेल तर तोही. ठेका सुरू झाला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधा. भजनात हे सोपे, बहुतेक वेळा धृपदाचा मुखडा समेवर येऊन आदळतो आणि टाळकरीही तिथे जरा जोर देतात. सम सापडली की पुढच्या समेपर्यंत मोजा. आठ आले तर भजनी ठेका किंवा केहरवा, सहा आले तर दादरा, सात आले तर रूपक, दहा आले तर झपताल. चार आले तर बहुधा तुम्ही आठ मात्रांच्या ठेक्यात एकाआड एक मात्रा मोजताय. सोळा आले तर त्रिताल असेल किंवा तुमची टाळी दुपटीत पडत असेल.

इथे घाई करू नका. नवख्याचा निम्मा वेळ इथेच जातो आणि तो जावा. माझ्या मते सम ऐकू येत नसेल तर पुढच्या कुठल्याही आकड्याला काडीची किंमत नाही. ऐकू येत नसेल तर गावातल्या एखाद्या टाळकऱ्याला फाईल ऐकवा, तो बोलता बोलता हाताने दाखवेल.

दुसरे काम: घड्याळ

बरेच जण पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. नाडी बघायला ठीक आहे, लयीला नाही. 90 च्या लयीत पंधरा सेकंदांत साडेबावीस मात्रा येतात. तुम्ही 22 मोजल्या तर उत्तर 88, 23 मोजल्या तर 92. एका मात्रेच्या चुकीने आकडा चारने हलतो.

उलटे करा. वेळ ठरवून मात्रा मोजण्यापेक्षा मात्रा ठरवून वेळ मोजा. भजनी ठेक्याची चार आवर्तने म्हणजे 32 मात्रा. समेवर स्टॉपवॉच सुरू करा आणि चार आवर्तने संपून पाचव्याची सम येईल तेव्हा बंद करा. समजा 21.34 सेकंद झाले. 32 ला 60 ने गुणले की 1920, त्याला 21.34 ने भागले की 89.97. म्हणजे लय 90.

यात एक खड्डा आहे आणि त्यात सगळेच एकदा तरी पडतात. पहिल्या समेला ‘एक’ म्हणायचे आणि ‘बत्तीस’ म्हटल्यावर घड्याळ थांबवायचे, हे चूक. कुंपणाला बत्तीस खांब असले तर मधली अंतरे एकतीसच. वरच्या उदाहरणात अशी चूक केली तर वेळ 20.67 सेकंद येतो आणि लय जवळपास 93 निघते. यावर साधा उपाय म्हणजे पहिल्या समेला ‘शून्य’ म्हणा. तबलजीला हे विचित्र वाटेल, पण घड्याळाला तेच पटते.

बोटाची चूकही धरावी लागते. दाबायला पाव-अर्धा क्षण इकडेतिकडे होतोच. वीस सेकंदांच्या मोजणीत 0.2 सेकंद चुकले तर एक टक्का, म्हणजे 90 ला सुमारे एक मात्रा. हीच चूक मिनिटभर मोजलेत तर एक तृतीयांशावर येते. तेव्हा लांब मोजा. लय स्थिर असेल तर आठ-दहा आवर्तने घ्या.

मोबाईलवर ‘टॅप टेंपो’ची अ‍ॅप असतात, गाण्याबरोबर बोट आपटत राहिले की आकडा दिसतो. चालतात, पण पहिल्या चार-पाच ठोक्यांना दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. तीसेक ठोके होईपर्यंत आपटत राहा आणि आकडा नाचायचा थांबला की मग वाचा.

तिसरे काम: लाट डोळ्यांनी पाहणे

संगणक असेल तर ऑडॅसिटी हे आवाजाच्या फाईलींवर काम करायचे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. एमपीथ्री आणि वेव्ह फाईल ते थेट उघडते. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली एमफोरए फाईल उघडली नाही तर एफएफएमपेग नावाची जोड वेगळी बसवावी लागते. आवाजाचा दर्जा खराब असला तरी लयीचे काही बिघडत नाही. फाईल दाबून लहान केली म्हणून गाणे पळत नाही.

फाईल उघडली की आवाजाची लाट दिसेल. झूम करत जा. तबल्याचा, पखवाजाचा प्रत्येक घाव उभ्या काट्यासारखा दिसतो: चढ एकदम, उतार हळू. गाण्याचा स्वर मात्र फुगत जातो, त्याला धार नसते. आवर्तनाच्या समेच्या काट्याच्या मुळापासून माऊस ओढत पुढच्या ठरलेल्या समेच्या काट्याच्या मुळापर्यंत न्या. काट्याच्या टोकापासून नको, टोक पुढेमागे होते. खालच्या पट्टीत निवडलेल्या भागाची लांबी दिसते. ती सेकंदांत ठेवा आणि वरचेच गणित करा. इथे बोटाची चूक जवळजवळ संपते.

लय सगळीकडे सारखी आहे का हे पाहायचे असेल तर गाणे वाजवा आणि प्रत्येक समेला कंट्रोल-एम दाबा. त्या जागी खुणेची चिठ्ठी पडते. शेवटी ‘एक्स्पोर्ट लेबल्स’ने सगळ्या खुणांच्या वेळा एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मिळतात. शेजारशेजारच्या वेळांची वजाबाकी म्हणजे एकेका आवर्तनाची लांबी. आठ मात्रांच्या ठेक्यात 480 ला त्या लांबीने भागा, झाली त्या आवर्तनाची लय.

एकदा चवथीतल्या (गणेशचतुर्थीतल्या) घुमट आरतीच्या, म्हणजे मातीच्या घुमट वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरतीच्या, रेकॉर्डिंगवर हे करून बघाच. सुरुवातीचे आवर्तन 5.4 सेकंदांचे असेल तर लय 89. शेवटी घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठी झांज) अंगात येऊन वाजू लागतात, तेव्हा आवर्तन 4.1 सेकंदांवर आले असेल तर लय 117. अशा आरतीची सरासरी काढून 103 सांगणे म्हणजे पणजीला जाणाऱ्या बसचा सरासरी वेग बघून रस्ता ओलांडण्यासारखे आहे. आकडा एकच हवा असेल तर कुठल्या ओळीचा ते आधी ठरवा. मी तीन लिहितो: उठावाचा, मधला, शेवटचा.

घुमटाच्या रेकॉर्डिंगला आणखी एक कटकट असते. मातीच्या मडक्याचा तो घुमारा एकमेकांत मिसळतो आणि लाटेत काटे न दिसता टेकड्या दिसतात. पूर्वी घोरपडीचे कातडे असायचे, ती शिकार वन्यजीव कायद्याने बंद झाली आणि आता बकऱ्याचे लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले तेव्हा यावर पुष्कळ चर्चा झाली. ते असो. घुमटाच्या टेकड्यांत खूण सापडत नसेल तर कासाळ्यावर नजर ठेवा. धातूचा आवाज वरच्या पट्टीत असतो. फाईलची प्रत काढून तिच्यावर ‘हाय-पास फिल्टर’ 4000 हर्ट्झला लावला की खालचा घुमारा जातो आणि कासाळ्याचा ‘छन’ स्वच्छ उभा राहतो.

चौथे काम: यंत्राला विचारा, पण उलटतपासणी करा

आता यंत्राची वेळ. ऑडॅसिटीच्या ‘अ‍ॅनालाइझ’ मेनूत ‘बीट फाइंडर’ आहे. तो आवाजाची पातळी ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेली की खूण टाकतो, बस. हिशेब करत नाही. ढोल एकटा वाजत असेल तर छान, गायक मोठ्याने ‘विठ्ठल’ म्हणाला तर तिथेही खूण.

मोबाईलवरची आणि डीजे लोकांची सॉफ्टवेअर अधिक हुशार असतात. ती आधी आवाजात अचानक वाढ कुठे होते ते टिपतात आणि मग त्या वाढींची मालिका स्वतःवरच सरकवून बघतात. किती सरकवल्यावर ती स्वतःशी जुळते? अर्ध्या सेकंदाने जुळली तर लय 120. पण अर्ध्या सेकंदाने जुळणारी मालिका एका सेकंदानेही जुळते आणि बऱ्याचदा पाव सेकंदानेही. मग 60, 120, 240 यांतले एक निवडायचे कसे? यंत्र मधला, ‘माणसाला सोयीचा वाटणारा’ आकडा धरते. पायथॉन या संगणकभाषेतली लिब्रोसा ही लोकप्रिय लायब्ररी तर सुरुवातीचा अंदाज 120 धरूनच बसलेली असते. डिस्को-पॉपला ते शोभते. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे लय 12 ते 15. ती यंत्राच्या स्वप्नातही येत नाही. ते मात्रेचे तुकडे मोजते आणि बिनधास्त मोठा आकडा सांगते.

आपल्या ठेक्यांत यंत्र कुठे फसते ते ठाऊक असले की उत्तर दुरुस्त करता येते. खालीचा, म्हणजे तालातल्या रिकाम्या टाळीचा, भाग हा पहिला सापळा. खालीत डग्ग्याचा घुमारा थांबतो, नुसती चाट (तबल्याची कड) वाजते. खालच्या आवाजावर भिस्त ठेवणाऱ्या यंत्राला आवर्तनाचा एक तुकडा रिकामाच दिसतो, आणि ते भरलेल्या-रिकाम्या जोडीलाच एक ठोका समजू शकते. दादऱ्यात भानगड तीनची होते. ‘धा धी ना, धा ती ना’मध्ये पहिली आणि चौथी मात्रा ठळक. मात्रांची लय 150 असेल तर यंत्र 50 सांगेल, कधी 100 सांगेल. तेव्हा यंत्राचा आकडा तुमच्या घड्याळी आकड्याशी जुळला नाही तर त्याला दोनने, तीनने गुणून-भागून पाहा, दोन तृतीयांश आणि दीडपटही करून पाहा. बहुतेक वेळा यांतला एक जुळतोच. रूपक-झपतालात मात्र कधी काहीच जुळत नाही, तिथे यंत्राला नमस्कार करून हाताने मोजा.

आणि लिब्रोसाचा आकडा दशांशांत आला म्हणून तो अचूक समजू नका. ती मूळ सेटिंगवर आवाज सेकंदाला 22050 नमुन्यांत घेते आणि 512 नमुन्यांच्या पावलांनी पुढे सरकते, म्हणजे सेकंदाला सुमारे 43 पावले. दोन ठोक्यांतले अंतर पूर्ण पावलांतच मोजले जात असल्याने उत्तरेही ठरावीक खाचांत पडतात: 117.45, 123.05, 129.20. मध्ये काही नाही. गाण्याची लय खरोखर 120 असली तरी ती 117.45 नाहीतर 123.05 सांगेल. वेगवेगळ्या गाण्यांना हेच आकडे वारंवार येताना दिसले की संशय घ्या. तीच लायब्ररी प्रत्येक ठोक्याची जागाही देते. पहिल्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचा काळ घेऊन मधल्या अंतरांच्या संख्येने भागलात तर खाचांचा दोष पुसला जातो.

गोव्याचे थोर तबलावादक लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, असे गोव्यातले जुने लोक सांगत आले. त्यांच्यासमोर हे यंत्र ठेवले असते तर त्याने कुठला आकडा सांगितला असता, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पाचवे काम: क्लिक लावून खातरजमा

हे काम बहुतेक लोक गाळतात आणि मग ऐन तालमीत फजिती होते. ऑडॅसिटीत ‘जनरेट’ मेनूमध्ये ‘रिदम ट्रॅक’ आहे. काढलेली लय घाला, एका आवर्तनात किती ठोके ते घाला आणि गाण्याच्या लांबीइतका ट्रॅक करा. तो गाण्याखाली येईल. पहिला टिक समेवर ओढून बसवा आणि दोन्ही एकत्र वाजवा. सुरुवातीला सगळेच जुळते, म्हणून थेट तिसऱ्या मिनिटावर जा. तिथे टिक मागे पडला असेल तर खरी लय तुमच्या आकड्यापेक्षा जलद आहे, पुढे गेला असेल तर संथ. किती, तेही सोपे आहे: तीन मिनिटांत एका पूर्ण मात्रेचा फरक पडला असेल तर आकडा एक तृतीयांशाने चुकला आहे.

टिक कधी पुढे, कधी मागे असे करत असेल तर आकडा बरोबर आहे, माणसे श्वास घेताहेत. ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. जिवंत भजनात दोन-तीन मात्रांचा हेलकावा असतोच. माझ्या कानाला तो बरा वाटतो.

जुन्या कॅसेटी, मांडो आणि इतर त्रास

घरोघरी आकाशवाणी पणजीवरून टेप केलेली नाट्यगीते आहेत. कोणी तरी ती फाईलमध्ये उतरवलेली असतात. टेपरेकॉर्डर जलद चालला असेल तर लय वाढते आणि त्याबरोबर पट्टीही चढते, दोन्ही एकाच प्रमाणात. म्हणून पेटी काढा. गायक पेटीच्या काळी एक या पट्टीत गात असे हे पक्के माहीत आहे आणि फाईल पांढरी दोनला लागते आहे, म्हणजे अर्धा सूर वर. अर्धा सूर म्हणजे जवळजवळ सहा टक्के. फाईलमधून लय 95.4 आली तर तिला 1.0595 ने भागा, मूळ लय 90. दुरुस्ती करायची तर ऑडॅसिटीतला ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्त्यांत नुसता ‘चेंज स्पीड’) वापरा, त्याने लय आणि पट्टी दोन्ही उतरतात. नुसती लय कमी करून तालीम करायची असेल तेव्हा ‘चेंज टेंपो’, त्यात पट्टी तशीच राहते. या दोन नावांची गल्लत करून मी एकदा अख्खे गाणे काळी दोनमध्ये बसवून घेतले होते, पेटीवाला अजून हसतो.

मांडोच्या (गोव्यातल्या कोकणी नाचगाण्याच्या) फाईलवर एकच आकडा शोधू नका. मांडो संथ, सहा-चारच्या मापात, आणि त्याला जोडून येणारे दुलपोद सहा-आठमध्ये, खूपच चपळ. सांधा कुठे आहे ते ऐका, फाईलचे दोन तुकडे करा आणि दोन्ही वेगवेगळे मोजा. अभंगाला जोडून गजर येतो तिथेही हेच.

शेवटी आकडा लिहून ठेवताना नुसता ‘92’ लिहू नका. सहा महिन्यांनी 92 कशाचे ते आठवत नाही. एमपीथ्री फाईलच्या माहितीत बीपीएमसाठी वेगळा रकाना असतो, त्यात आकडा घाला. बाकीचे फाईलच्या नावातच येऊ द्या. भाच्याच्या मोबाईलवर ती फाईल आता अशी आहे: ‘गौळण, भजनी ठेका, 92 मात्रा, काळी एक, गजराला 120’. खाली काकांनी सांगितले म्हणून त्याने आणखी दोन शब्द टाकलेत: ‘रोमट न्हय’.